पात्यावरचे नाव

जपानच्या स्वयंपाकघरातील सुरीचा इतिहास बहुधा एका तारखेपासून सांगावयास आरंभ करतात. २८ मार्च १८७६ रोजी मेजी सरकारने असा हुकूम काढला, की दरबारी पोशाखातील मानकरी, सैनिक आणि पोलीस यांच्याखेरीज कोणीही कमरेस तलवार लावून बाहेर पडू नये. सामुराई वर्गाची तलवार गेली, ती घडविणाऱ्या लोहारांच्या ऐरणी थंड पडल्या, आणि मग पोटासाठी त्यांनी तीच विद्या व तीच धार स्वयंपाकाच्या सुरीत उतरविली, अशी ही कथा आहे. आज परदेशांत जपानी सुऱ्यांचे जे कौतुक चालले आहे, त्यात ही कथा सुरीच्या पेटीबरोबरच गिऱ्हाइकाच्या हाती पडते. कथा मनोहर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. वीराच्या कमरेचे शस्त्र गृहिणीच्या हाती आले, यात थोडे काव्यही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ती अर्धी खरी आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागात जी माणसे आहेत त्यांना तिच्यात कोठे जागा मिळालेली नाही. त्यांतली कोणी तंबाखूची पाने चिरण्याच्या सुऱ्या घडवीत होती, कोणी खिळे ठोकीत होती, कोणी विळे आणि कुदळी करीत होती. तलवारीचा मान त्यांच्या वाट्यास कधी आला नव्हता, म्हणून तो जाण्याचे दुःखही त्यांना नव्हते. आजची सुरी त्यांच्या हातून आली आहे, म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. सुरीस जपानी भाषेत ‘होचो’ म्हणतात. हा शब्द मुळात वस्तूचा नसून माणसाचा आहे. चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्सू याच्या ग्रंथात तिंग नावाच्या एका आचाऱ्याची गोष्ट आहे. राजासमोर बैल कापताना त्याची सुरी हाडामांसाच्या सांध्यांतील मोकळ्या जागेतून अशी अलगद फिरे, की एकोणीस वर्षांत तिला धार लावण्याची गरज पडली नव्हती. ‘पाओ’ म्हणजे स्वयंपाकघर आणि ‘तिंग’ हे त्या माणसाचे नाव; जपानात या जोडीचा उच्चार ‘होचो’ असा झाला. आरंभी त्याचा अर्थ आचारी किंवा पाककर्म असा होता, आचाऱ्याच्या सुरीस ‘होचो-गाताना’ म्हणत, आणि कालांतराने मागचे पद गळून पडले व माणसाचे नाव हत्याराला चिकटून राहिले. यात एक मौजही आहे. बैल कापणाऱ्याचे नाव ज्या देशाने सुरीला दिले, त्याच देशात सम्राट तेन्मू याने इ. स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षाच्या ठरावीक महिन्यांत खाण्यास बंदी केली होती. पुढे बौद्ध आचाराच्या प्रभावाने ही बंदी निरनिराळ्या रूपांनी हजार वर्षांहून अधिक काळ समाजावर राहिली. ती सर्वांनी सर्वकाळ पाळली असे नव्हे. बंदी आणि पाळणूक यांतले अंतर कोणत्याही देशातील सरकारी नोकरास समजावून सांगावे लागत नाही. तरीपण जपानी पाकशास्त्र मासा आणि भाजी यांच्याभोवती वाढले, आणि सुरीची घडण त्या दोहोंच्या अंगाने झाली, हे खरे.

नारा येथील शोसोइन या राजकोषागारात आठव्या शतकातील जिनसा जतन करून ठेवल्या आहेत. त्यांत त्या काळच्या सुऱ्याही आहेत. त्या लांब दांड्याच्या व अरुंद पात्याच्या असून पाहणाऱ्यास लहानशा तलवारीसारख्या वाटतात. म्हणजे तलवारीशी सुरीचे साम्य शोधावयाचेच असेल, तर ते १८७६ च्या हुकुमाच्या हजार वर्षे आधी सापडते. दरबारी घराण्यांत सुरी चालविणे ही एक कलाही झाली होती. माशाला हाताचा स्पर्श होऊ न देता, एका हातात सुरी व दुसऱ्यात धातूच्या लांब काड्या घेऊन तो कापावयाचा, हा विधी नवव्या शतकातील फुजिवारा नो यामाकागे याच्या नावाशी जोडला जातो आणि अजूनही काही देवस्थानांत केला जातो. परंतु हा सारा दरबारचा इतिहास. सामान्य घरातील सुरीचा शोध घ्यावयाचा तर ओसाकाच्या दक्षिणेस असलेल्या साकाई या बंदरात उतरावे लागते.

साकाईच्या भूमीत सम्राट निन्तोकूची म्हणून ओळखली जाणारी पाचव्या शतकातील प्रचंड समाधी आहे. लांबीच्या दृष्टीने जगातल्या सर्वांत मोठ्या समाध्यांत ती मोडते. ती उभारताना एवढी माती हलवावयास लोखंडी कुदळी-फावडी लागली, ती करणारे लोहार येथे वसले, आणि तेथून गावाची लोहारकी सुरू झाली, असे तेथील लोक सांगतात. पंधरा-सोळाव्या शतकांत हे गाव व्यापाऱ्यांच्या पंचायतीने चालविलेले जवळजवळ स्वतंत्र नगर होते. भोवती खंदक होता, पदरी भाडोत्री शिपाई होते. येशुसंघी पाद्री गास्पार व्हिलेला याला ते पाहून व्हेनिसची आठवण झाली. चहाच्या विधीला ज्याने शास्त्राचे रूप दिले तो सेन नो रिक्यू १५२२ मध्ये याच गावच्या व्यापारी कुळात जन्मला.

१५४३ मध्ये दक्षिणेतील तानेगाशिमा बेटावर वाट चुकलेल्या एका चिनी गलबतातून पोर्तुगीज उतरले. त्यांच्याजवळच्या दोन बंदुका बेटाच्या तरुण सरदाराने मोठी किंमत देऊन विकत घेतल्या आणि आपल्या लोहारास तशाच घडविण्यास सांगितले. या बंदुकांची ठेवण गोवा व मलाक्का येथील पोर्तुगीज कारखान्यांच्या वळणाची होती, असे अभ्यासकांचे मत आहे. साकाईचा ताचिबानाया मातासाबुरो नावाचा एक व्यापारी त्या बेटावर एक-दोन वर्षे राहून ती विद्या शिकून परत आला; गावात त्याचे नावच ‘बंदुकवाला माता’ असे पडले. गोव्याचा धागा येथेच संपत नाही. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे, ते फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले, ऑगस्टात जपानच्या किनाऱ्यास लागले आणि १५५० च्या हिवाळ्यात साकाईत येऊन गेले. बंदुकीची नळी घडविण्यासाठी लोखंडाची पट्टी तापवून गुंडाळावी लागते व सांधा असा जोडावा लागतो, की दारूच्या स्फोटानेही तो उकलू नये. ज्या गावाच्या हातांना लोखंडाचा सांधा इतका बिनचूक बसविण्याची सवय झाली, त्या गावास पुढे लोखंड आणि पोलाद एकजीव करून सुरी घडविणे जड जाण्याचे कारण नव्हते.

बंदुकीमागून पोर्तुगीजांच्याच व्यापारातून तंबाखू आली, आणि आमच्या मते साकाईच्या सुरीची खरी जन्मकथा हीच आहे. तंबाखू आपल्याकडेही त्याच लोकांनी आणली. विजापूरच्या दरबारात तिचा परिचय होऊन गेल्यावर आसद बेग नावाच्या वकिलाने सतराव्या शतकाच्या आरंभी ती अकबर बादशहापुढे ठेविली, ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेविली आहे. परंतु आपल्याकडे तंबाखू हुक्क्याच्या चिलमीत गेली. तिला गूळ लावला, ती कुटली, मळली. बारीक चिरण्याचा प्रश्नच आला नाही. जपानात मात्र ‘किसेरू’ नावाची लांब, बारीक नळी रूढ झाली. तिच्या टोकाची वाटी एवढीशी, की तिच्यात चिमूटभर तंबाखू मावावी आणि दोन-तीन झुरक्यांत ती संपावी. एवढ्याशा वाटीत तंबाखू नीट पेटावयाची, तर ती केसासारखी बारीक चिरलेली पाहिजे. पानांची घडी दाबून धरावयाची आणि तिच्यावरून सुरी दिवसभर चालवावयाची, हा एक नवा धंदाच निर्माण झाला. पानाचा चीक पात्यास चिकटतो, धार लवकर बसते, आणि धार बसली की तंबाखू चिरली न जाता चुरडली जाते. तेव्हा कठीण पोलादाची, धार धरून ठेवणारी व वरचेवर दगडावर लावता येण्याजोगी सुरी हवी होती. ती साकाईच्या लोहारांनी दिली.

तोकुगावा सरकारने आरंभी तंबाखूवर बंदीचे हुकूम काढून पाहिले. ते निष्फळ ठरले तेव्हा बंदी सैल झाली, आणि ज्या वस्तूवर बंदी होती तिच्या सुरीवर सरकारने आपल्या पसंतीचा शिक्का मारण्याची परवानगी दिली. ‘साकाई किवामे’ हा तो शिक्का; ‘साकाईचा पारखलेला माल’ असा त्याचा भावार्थ करता येईल. १६१५ च्या ओसाकाच्या लढाईत साकाई जळून खाक झाले होते. ते पुन्हा वसले, आणि या शिक्क्याच्या सुऱ्या तेथून देशभर जाऊ लागल्या. ज्या शतकांत तलवार म्यानात पडून होती, त्याच शतकांत ही तंबाखूची सुरी लोहारांचे पोट भरीत होती. लढाई संपल्यानंतरची अडीचशे वर्षे जपानात मोठे युद्ध झाले नाही, ही गोष्ट १८७६ ची कथा सांगणारे विसरतात. तलवारीची मागणी हुकुमाने एका दिवसात मेली नाही. ती कितीतरी आधीपासून क्षीण होत आली होती.

मासा कापण्याची ‘देबा’ ही जाड पाठीची, जड सुरीही याच गावची. तिचा उल्लेख सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडू लागतो. ती प्रथम करणाऱ्या लोहाराचे दात पुढे आलेले होते, म्हणून लोक तिला ‘दातपुढ्याची सुरी’ म्हणू लागले, अशी तिच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. च्वांगत्सूचा आचारी नावाने अमर झाला आणि हा लोहार व्यंगाने. त्याचे नाव काय होते, हे कोणी लिहून ठेविले नाही.

देबाच्या मागून एकेका कामाची एकेक सुरी निघाली. कच्च्या माशाचे काप करण्यासाठी लांब, विलोच्या पानासारखी ‘यानागिबा’. भाजीसाठी पातळ ‘उसुबा’. घरगुती वापराची दोन्ही बाजूंनी धार असलेली ‘नाकिरी’. प्रांतभेदही पुष्कळ. कापाची सुरी ओसाकाकडे टोकदार, तर एदोकडे, म्हणजे आजच्या तोक्योकडे, चौकोनी टोकाची. ईल मासा ओसाकात पोटाकडून चिरतात, एदोत पाठीकडून. एदो हे सामुराईंचे शहर, आणि पोट चिरणे म्हटले की त्यांना भलतीच गोष्ट आठवे, असे त्याचे कारण सांगण्याचा प्रघात आहे. यांतल्या बहुतेक धंदेवाईक सुऱ्यांना धार एकाच बाजूस असते. दुसरी बाजू किंचित खोलगट ठेवतात, त्यामुळे काप पात्याला चिकटत नाही आणि दगडावर घासताना ती बाजू झटकन सपाट बसते. परिणामी डावऱ्या माणसाला निराळी सुरी करवून घ्यावी लागते. आपल्याकडची विळी पायाखाली स्थिर असते व भाजी तिच्याकडे जाते. जपानी आचाऱ्याच्या पुढे पाट स्थिर असतो आणि सुरी त्याच्या अंगाकडे एका लांब ओढीत येते. तिला जोर लावावयाचा नसतो. म्हणूनच धारेवर एवढा भर.

साकाईइतके वैभव इतर गावांना नव्हते. त्यांची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी असली तरी तिचा रोख तोच आहे. एचिगो प्रांतातील सान्जो येथे पुरांनी शेती बुडत असे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील अंमलदाराने एदोहून खिळे करणारे कारागीर आणवून शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून खिळे घडविण्यास शिकविले, आणि आगींनी वारंवार जळणाऱ्या व पुन्हा उभ्या राहणाऱ्या एदो शहराने ते खिळे घेतले. मेजी काळात यंत्राचे पाश्चात्त्य खिळे आले, तेव्हा तो धंदा बुडाला आणि सान्जोचे लोहार सुऱ्या, कात्र्या व सुतारी हत्यारांकडे वळले. एचिझेन प्रांतात १३३७ मध्ये क्योतोहून चियोझुरू कुनियासू नावाचा तलवारीचा लोहार चांगल्या पाण्याच्या शोधात आला आणि शेतकऱ्यांना विळे करून देऊ लागला, असे परंपरा सांगते. यात तलवारीचा लोहार आहे खरा, पण तो हुकुमाच्या पाचशे वर्षे आधी विळ्याकडे वळला आहे! त्या विळ्यांचा प्रसार कोणी केला, तर लाखेच्या झाडांचा चीक काढण्यासाठी देशभर हिंडणाऱ्या एचिझेनच्याच मजुरांनी. ते जाताना पाठीवर विळे नेत आणि वाटेत विकीत. मिकी येथे १५७८ ते १५८० असा हिदेयोशीचा वेढा पडला होता. गाव उपासमारीने शरण आले, आणि उद्ध्वस्त वस्ती पुन्हा बांधण्यासाठी जमलेल्या सुतारांना हत्यारे हवीत म्हणून तेथे लोहार जमले. तोसाच्या डोंगरात लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी-कोयत्यांनी भाते चालू ठेवले. या साऱ्यांना जपानीत ‘नोकाजी’ म्हणतात, म्हणजे रानातले, शेतातले लोहार. तलवारीचा लोहार कवितेत आणि नाटकात आला. हे कोठे आले असतील तर गावच्या हिशेबवहीत.

मग १८७६ मध्ये काय झाले? काहीच झाले नाही असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. मध्ययुगापासून तलवारींसाठी नावाजलेल्या सेकी गावात अनेक लोहार शेतीची अवजारे व चाकू-सुऱ्यांकडे वळले, आणि आज ते गाव सुऱ्या, वस्तरे व कात्र्या यांच्या यांत्रिक उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. तेथील एका जुन्या तलवार-लोहाराचे, मागोरोकूचे, नाव आजही कारखान्यातल्या सुरीवर छापले जाते. परंतु साकाईपुरते बोलावयाचे तर खरा घाव निराळाच होता. मेजी काळात कागदी सिगारेट आली, तंबाखू चिरणारी यंत्रे आली, आणि १९०४ मध्ये सरकारने तंबाखूचे उत्पादन आपल्या मक्तेदारीत घेतले. हाताने तंबाखू चिरणारा माणूस नाहीसा झाला. त्याच्याबरोबर त्याची सुरीही गेली. तलवारबंदीचा हुकूम इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात आहे, तंबाखूची मक्तेदारी अर्थखात्याच्या दप्तरात. लोहाराच्या चुलीवर दोहोंपैकी कशाचा परिणाम अधिक झाला, हे पुस्तकावरून ठरवू नये.

त्याच सुमारास दुसरीकडे एक दार उघडले होते. जानेवारी १८७२ मध्ये सम्राट मेजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर करण्यात आले आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या खाण्याला राजमान्यता मिळाली. त्यासाठी युरोपीय घडणीची, दोन्हीकडून धार असलेली सुरी लागली. जपानी लोहारांनी ती आपल्या रीतीने केली आणि तिला ‘ग्युतो’, म्हणजे ‘गाईची तलवार’, असे नाव पडले. विसाव्या शतकाच्या मध्यास तिच्या आणि नाकिरीच्या मिश्रणातून मांस, मासा, भाजी तिन्ही कापणारी ‘सान्तोकु’ निघाली व घरोघर पोचली. साकाईच्या बंदुकवाल्यांच्या हातातली नळी मात्र तिसरीकडेच गेली. धातूचे बारीक काम जाणणारे ते गाव सायकलींकडे वळले, आणि जगभर सायकलींना भाग पुरविणारी शिमानो ही कंपनी १९२१ मध्ये तेथेच निघाली.

आता सुरी होते कशी ते पाहू. धंदेवाईक सुरीत दोन धातू असतात, खाली मऊ लोखंड आणि धारेकडे कठीण पोलाद. पूर्वी पोलाद इझुमो प्रांतातील लोहयुक्त वाळूपासून ‘तातारा’ नावाच्या मातीच्या भट्टीत तीन दिवस-रात्री कोळसा घालून काढीत. आता सुरीसाठी ते बहुतेक यासुगी येथील कारखान्यातून येते. त्याच्या जातींना ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ अशी नावे आहेत, ती ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून ते विकीत त्यावरून पडली. पांढरे पोलाद म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंड व कर्ब. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम घालतात, त्यामुळे धार अधिक टिकते, पण दगडावर ते हट्टी असते. लोखंडाची पट्टी लाल करून तीवर टाकणखार पसरावयाचा, पोलादाचा तुकडा ठेवावयाचा, पुन्हा भट्टीत घालून घणाखाली घ्यावयाचा. फार तापविले तर पोलादातला कर्ब जळून ते निःसत्त्व होते, कमी तापविले तर सांधा धरत नाही. विसाव्या शतकात पट्ट्यावर चालणारा यांत्रिक घण आला आणि घण मारणाऱ्या मदतनीसाची जागा त्याने घेतली. नंतर पाते पेंढ्याच्या राखेत पुरून हळूहळू निवू देतात, थंडपणी ठोकून सरळ करतात, वर मातीचा पातळ लेप देतात आणि सुमारे आठशे अंशांवर आणून एकदम पाण्यात बुडवितात. पाणी पाजण्याच्या या क्षणी भट्टीची खोली अंधारी ठेवतात, कारण उष्णता मोजावयाची ती डोळ्यांनी, रंगावरून. एवढ्याने पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून पुन्हा थोडे तापवून त्याचा ताठा कमी करतात.

येथे लोहाराचे काम संपते, सुरीचे नाही. साकाईत पूर्वापार श्रमविभाग आहे. लोहाराकडून ते काळे, बोथट पाते धार लावणाऱ्याकडे जाते. तो निराळा कारागीर, निराळ्या घरातला. फिरत्या दगडावर पाते झिजवून धारेचा उतार काढणे, मागची खोलगट बाजू साधणे, पाणी पाजताना आलेला वाक लहान हातोडीने ठोकून घालविणे, आणि शेवटी मऊ दगडाच्या चूर्णाने मऊ लोखंडावर धुक्यासारखी मंद झाक आणणे, ही सारी कामे त्याची. लोहाराच्या हातून झालेली अर्ध्या केसाची चूक येथे उघडी पडते, आणि झाकताही येथेच येते. मूठ करणारा तिसरा. तो हलक्या मॅग्नोलिया लाकडाच्या मुठीस म्हशीच्या शिंगाचे कडे बसवितो. हे तिघेही आयुष्यभर एकच काम करतात. सगळे जमवून आणतो तो घाऊक व्यापारी. माल कोणाकडून घडवावयाचा, कोणाकडून धार लावावयाची, हे तो ठरवितो. मूठ बसवून घेतो. आणि मग बारीक छिन्नीने पात्यावर नाव कोरतात ते त्याच्या पेढीचे.

आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणारी माणसे आहोत. मसुदा एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने स्वच्छ टंकावा आणि खाली सही चौथ्याची पडावी, ही रीत आमच्या अंगवळणी पडली आहे. तेव्हा साकाईची ही व्यवस्था वाचून आम्हांस धक्का बसला नाही. उलट ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. या रीतीचा कैवारही घेता येतो. सहीमागे जबाबदारी असते. सुरी तुटली तर गिऱ्हाईक पेढीकडे येते, आणि माल विकला गेला नाही तर तोटा पेढीस बसतो, लोहारास मजुरी मिळून गेलेली असते. एकेका कामात आयुष्य घातल्यामुळे हाताला जी सफाई येते, ती सर्व कामे करणाऱ्यास येणार नाही, हेही खरे. पण आचारी आपल्या सुरीस जपतो, तिला रोज दगडावर घासतो, शिष्यास वारसा म्हणून देतो, आणि ती कोणी घडविली हे त्याला ठाऊक नसते, या गोष्टीचे समाधान हिशेबाने होत नाही. साकाईत अशी वंशपरंपरा आहेत की जिथे बापाने जन्मभर पाती घडविली आणि एकाही पात्यावर त्याचे नाव नाही.

तलवारीची गोष्ट वेगळी. तिच्या मुठीतल्या दांड्यावर लोहार स्वतःचे नाव कोरीत आला आहे, आणि मूठ उतरवून ते वाचणे हीच तलवारीच्या पारखीची पहिली पायरी. १९४५ च्या पराभवानंतर विजेत्या फौजांनी तलवारी जमा केल्या व नव्या घडविण्यास बंदी घातली. त्या काळात तलवारीच्या लोहारांना पोटासाठी सुऱ्या-विळ्यांचा आसरा घ्यावा लागला. १९५३ पासून परवान्याने पुन्हा तलवारी घडू लागल्या, आणि १९५५ मध्ये ताकाहाशी सादात्सुगु या लोहारास सरकारने राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. सुरीकडे सरकारचे लक्ष गेले ते १९७४ च्या पारंपरिक हस्तव्यवसायांच्या कायद्याने. कायदा आम्हांस वाचनीय वाटला. वस्तू नित्य वापराची हवी. तिचे मुख्य काम हाताने झालेले हवे. परंपरा साधारण शंभर वर्षांची हवी. आणि त्या भागात किमान दहा कारखाने किंवा तीस माणसे त्या धंद्यात हवीत. एचिझेनच्या सुऱ्या-विळ्यांना १९७९ मध्ये, साकाईच्या हत्यारांना १९८२ मध्ये, मिकीला १९९६ मध्ये, तोसाला १९९८ मध्ये आणि सान्जोला २००९ मध्ये या कायद्याखाली मान्यता मिळाली. बारा वर्षे किंवा अधिक काम केलेल्या कारागिराला परीक्षा देऊन ‘पारंपरिक कारागीर’ ही पदवीही मिळविता येते. परंतु मान्यता मिळते ती प्रदेशाला आणि पद्धतीला. दहा कारखान्यांची अटच पाहा: एकटा उरलेला लोहार कितीही मोठा असो, कायद्याच्या दृष्टीने तो परंपरा नव्हे. अशी अट घालणाऱ्या कारकुनाचा हेतू आम्हांस समजतो. त्यास कोठेतरी रेघ ओढावी लागली असणार.

वर्षातून एक दिवस लोहाराचा स्वतःचा असे. आठ नोव्हेंबरला ‘फुइगो मात्सुरी’, म्हणजे भात्याचा सण. त्या दिवशी भट्टी विझवितात, भाता धुऊन त्याची पूजा करतात आणि लोहारांचे दैवत इनारी याला नैवेद्य दाखवितात. एदोत त्या दिवशी लोहार छपरावरून मुलांना संत्री फेकीत. खंडेनवमीला कोयता-विळी धुऊन हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांतून वाढलेल्या वाचकास याचे नवल वाटू नये. फरक इतकाच, की आपण हत्यार पुजतो आणि ते हत्यार ज्या वाऱ्याने तापविले तो पुजतात.

आजची स्थिती दुहेरी आहे. २०१३ मध्ये जपानी पाककलेस युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले. परदेशी आचाऱ्यांना जपानी सुरीचे वेड लागले. साकाईत बंदूक घडविणाऱ्या इनोउए घराण्याचा जुना वाडा २०२४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. मागणी आहे. पण भट्टीपुढे बसणारे हात म्हातारे आहेत आणि एक सुरी नीट घडविता येण्यास दहा वर्षे थांबण्याची तयारी असलेले तरुण थोडे. धार लावणाऱ्यांचीही तीच अडचण. एचिझेनच्या लोहारांनी यावर निराळा उपाय केला. ते एका छपराखाली जमले, भट्ट्या व यंत्रे सामाईक केली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास काम पाहता येईल अशी सोय ठेविली. तेथे शिकावयास तरुण येऊ लागले आहेत.

आणि मागणीनेच एक जुनी रीत थोडी ढिली केली आहे. परदेशी गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारते, की ही घडविली कोणी? उत्तर न देणे आता व्यापाऱ्यास परवडत नाही. म्हणून काही विक्रेते सुरीच्या माहितीत लोहाराचे नाव आणि धार लावणाऱ्याचे नाव अशी दोन्ही नावे वेगवेगळी देऊ लागले आहेत. मूठ करणाऱ्याचे नाव क्वचितच असते. पात्यावर मात्र अजून बहुधा पेढीचेच नाव येते. त्याच्या मागल्या बाजूस जागा रिकामी असते. तीवर दुकानातला माणूस, गिऱ्हाईक समोर उभे असता, हातोडी आणि छिन्नी घेऊन काही मिनिटांत, विचारून घेतलेली अक्षरे कोरून देतो. ते नाव गिऱ्हाइकाचे असते.